अंबाडीची भाजी आणि परदेशी पाहुणी

जवस भाजल्याचा वास आला की पंच्याहत्तर साल आठवतं. आष्टीजवळच्या आमच्या गावी एक परदेशी डॉक्टरीण आली होती. मांस, दूध, तूप ती काहीच खात नव्हती, म्हणून पाटलांकडची तुपातली पुरणपोळी तशीच राहिली. बौद्धवाड्यातली माझी आई पाटलांना म्हणाली, “मंग आमच्याकडं आणा. आमच्यात दूध-तूप न्हाईच.” आईनं गरम भाकरी, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी वाढली. तीन भाकरी खाऊन बाई काहीतरी बोलली. सोबतच्या मास्तरांनी सांगितलं, “म्हणती, लई देश फिरले, असं जेवण कुठंच न्हाई.” आईनं दारातल्या पाटलांकडं पाहिलं. “तुम्ही बी बसा.” आमच्याकडं कधी पाणीही न घेतलेले पाटील बसले आणि जेवले. आज साठी उलटली, तरी आईच्या त्या शब्दांनी माझी मान ताठ होते.