परित्यापर्यंत गेलेली सायकल

“विचारून बघते की,” असं म्हणून पदर कमरेला खोचायचा, ही आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींची सवय. भाजीवाल्याने मेथीची जुडी पुढे केली तरी हेच, हळदीकुंकवाला बोलावलं तरी हेच. कुणाला विचारणार, ते सांगायची गरज नसे. तुमच्या जिन्यातही अशी एखादी बाई असेल. नीट बघा, घरातलं सगळं करणारी तीच असते आणि विचारून करणारीही तीच.

राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत वहिनी, त्यांचे मालक आणि खाटेवर पडून असलेल्या सासूबाई अशी तिघं राहायची. सासूबाईंना त्या आत्ती म्हणत. मालकांचं शाहूपुरीत पंपाच्या सुट्या भागांचं दुकान. डॉक्टरांनी वहिनींना बजावलं होतं, हृदय थकलंय, रोज व्यायाम झालाच पाहिजे. पण आत्तींना एकटं टाकून फिरायला जाणार कशा? म्हणून घरातच व्यायामाची सायकल घ्यावी, असं त्यांच्या मनात आलं. एवढी साधी गोष्ट, पण ती ठरायला वर्ष गेलं.

“घरात कामं काय कमी हायत व्हय? फरशी पुसली की झाला व्यायाम,” मालक म्हणाले. “आणि आणलीसच, तर महिन्याभरात तिच्यावर कपडं वाळत घालशील. बघ मी सांगतोय.”

हे ते आरामखुर्चीत पाय पसरून म्हणाले. ती खुर्ची एका दुपारी टेम्पोतून आली, तेव्हा कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

मग आल्यागेल्याला चहाबरोबर वहिनींचा एकच प्रश्न. “सायकल घ्यावी का वो?” राधानगरीकडचे दीर म्हणाले, “आमच्याकडं भातलावणीला या वैनी, फुकट व्यायाम.” दुसऱ्या एका पाहुण्यांनी सायकलनं गुडघे झिजतात म्हणून सांगितलं. पहिल्या मजल्यापर्यंत जिना चढून आल्यावर या दोघांना बोलायला धाप लागत होती. वहिनी हसून त्यांच्या बशीत आणखी चिवडा वाढत होत्या आणि मी शेजारी बसून दात-ओठ खात होते.

एकदा आत्तींचा डोळा लागला तेवढ्यात मी त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात ओढतच नेलं. तिथल्या माणसाने आधी विचारलं, “मुलासाठी बघताय का, काकू?” नाही म्हटल्यावर म्हणाला, “मग संध्याकाळी साहेबास्नी घेऊन या की.” माझं डोकं फिरलं. मी काही बोलणार, तोवर वहिनींनी पदर खोचला, चपला काढल्या आणि साडी सावरून सायकलवर बसल्यासुद्धा. पाय मारताना त्यांचा चेहरा असा काही फुलला, की तो माणूस स्वतःहून किंमत सांगायला लागला. उतरल्यावर मात्र म्हणाल्या, “विचारून बघते की.” तेव्हा मला त्यांचाही राग आला.

शेवटी निकाल लावला तो आत्तींनी. “सारकं कुणाला इचारतीस गं? तू पडलीस तर मला कोन उठीवणार? जा, आण जा.”

सायकल आली आणि आत्तींच्या खाटेशेजारी बसली. मग काय मजा सुरू झाली म्हणून सांगू. आत्तींचं माहेर राधानगरीचं, म्हणून सायकल रोज त्या रस्त्याला लागायची. वहिनी पाय मारू लागल्या, की पडल्या पडल्या त्या विचारायच्या, “कुठवर आलीस?”

“रंकाळा मागं पडला, आत्ती.”

“हळदी आली का?”

“आली की. पर फुडं उसाचा ट्रॅक्टर हाय, जाऊ देईना.”

“घंटी वाजीव.”

आज जिथवर पोचल्या, उद्या तिथून पुढे. असं करत हळदीच्या पुढचं परिते गावही आलं. वाटेत चहा व्हायचा, ओळखीच्यांची चौकशी व्हायची. त्या सायकलवर वहिनींनी कधी साधा रुमालसुद्धा टाकू दिला नाही. “माझी गाडी हाय ती,” म्हणायच्या. हे मात्र कुणाला विचारून म्हणत नव्हत्या.

गेल्या थंडीत एका सकाळी मालकांचा डबा भरता भरता वहिनी गेल्या.

भेटायला आलेले तेच दीर आणि तेच पाहुणे. “सायकल घेऊन तरी काय उपयोग झाला?” असं हळहळत चहा पीत होते. वर्षभर ज्यांनी बसल्या जागेवरून सल्ले दिले, ते आता सायकलीला जाब विचारत होते. ती वर्षभर आधी आली असती तर, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. मयताच्या घरी म्हणून मी तोंड आवरलं. आवरायला नको होतं.

दिवसकार्य झाल्यावर आत्तींना भेटायला खाली गेले. बघते तर सायकलच्या हँडलवर मालकांचा ओला टॉवेल आणि सीटवर बनियन. मी दोन्ही उचलले.

“राहू दे की वाळत,” मालक खुर्चीतून म्हणाले.

“काढ त्ये,” खाटेवरून आत्ती म्हणाल्या. “परित्यात थांबलीया ती. वाटंत कशाला टाकलाय पसारा?”

मी ते ओले कपडे मालकांच्या हातात दिले. ते उठले, खिडकीकडे वळले, दाराकडे वळले. इतकी वर्षं त्या घरात काढलेला माणूस मला विचारत होता, “मग वाळत घालू कुठं?”

“विचारून बघा की,” मी म्हटलं आणि आत्तींच्या खाटेशी जाऊन बसले.