खमीर माझ्या हातून गेलं

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. पण सौंसरच्या आमच्या घरात आजही पाव बसका झाला की माझ्या बायकोचं नाव निघतं, ती नसतानाही. म्हणून आता सांगतो.

सूनबाईनं महिनाभर खपून काचेच्या बरणीत खमीर तयार केलं होतं. पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. त्यावर तिचा पाव फुगायचा. आठ दिवसांसाठी पांढुर्ण्याला माहेरी जाताना ती मला म्हणाली, "बाबा, रोज अर्धं काढून टाकायचं, मग उरलं तेवढंच पीठ न् पाणी घालायचं."

काढून टाकायचं, तिथंच माझा हात अडला. जन्म शेतात गेलेला. पीठ मोरीत ओतवेना. काढलं काहीच नाही, वरून रोज तेच दोन चमचे पीठ घातलं. बरणी भरत गेली, तेवढ्याला दोन चमचे पुरेनात आणि खमीर उपाशी राहिलं. त्यात वैशाखाचा उकाडा. आठव्या दिवशी वर काळपट पाणी, गुलाबी रेघा आणि डोळे चुरचुरतील असा वास. मी ते परसात संत्र्याच्या झाडाखाली ओतलं.

बायको मागच्या दारात उभी होती. "काय ओतून राहिले?"

"काही नाही."

संध्याकाळी सूनबाई माहेरून परतली आणि स्वयंपाकघरातून रिकामी बरणी घेऊन आली. मी म्हणालो, "मी तर रोज पीठ घातलं." ते खरंच होतं. ती सासूकडे वळली. "आई, विरजणाचा चमचा तर नाही ना गेला यात?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "गेला असन बाई. माह्या हाताचा काय भरोसा!"

सूनबाईनं नवं खमीर लावलं, ती बरणी वरच्या फळीवर गेली. "आई, तुम्ही राहू द्या." जिच्या हातचं विरजण शेजारची चार घरं मागून न्यायची, ती त्या फळीकडे फिरकेना.

आता खमीर मीच सांभाळतो. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा खाऊ घालतो. दुपारपर्यंत ते दुप्पट वर येतं, बुडबुडे पाहून जीव सुखावतो. काढलेल्या अर्ध्याची धिरडी होतात. नातवंडं भांडून खातात. मजेत आहे मी.

एका शनिवारी जामसांवलीच्या बसमध्ये मी बायकोला म्हटलं होतं, "ऐक ना, ते खमीर..."

"अजून तेच घेऊन बसले का? मारुतीच्या दर्शनाला चाललो ना आपण!" ती हसली. मीही हसलो आणि बोलायचं राहून गेलं. परत येताना तिचा डोळा लागला होता. पुढच्या वर्षी ती गेली. "माझी चूक तू अंगावर घेतलीस, मला माफ कर," एवढंच तर म्हणायचं होतं.