भारती वहिनीच्या अकरा बॅगा

नेरूळपासून उरणपर्यंतच्या खाडीकाठच्या माझ्या बहिणींनो,

कागदावर आपलं नाव एकदाच येतं. हक्क सोडताना.

भाऊ गाडी घेऊन येतो. रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात फोटो, अंगठा, सही. मग हॉटेलात जेवण आणि एक साडी.

प्लॉट त्यांचा. बिल्डिंग त्यांची. गेटवर नाव भाच्याचं.

माझीही सही झाली आहे. स्टेजवरून हक्कांवर बोलणाऱ्या बाईची.

माझ्या भारती वहिनीने ती सही केली नाही.
आज तिला जाऊन तीन महिने झाले.

सही नाकारली म्हणून तिचं माहेर तुटलं. हिश्श्यात एक गाळा आला. त्याच्या भाड्यातून वहिनीने काय घ्यावं?

बॅगा.

परदेशातल्या ऑक्शनमधून. बड्या कंपनीने कधीकाळी मोजक्या बनवल्या आणि पुन्हा बनवल्या नाहीत, अशा. चौदा वर्षांत अकरा.

दुपारी कोलंबी सोलत बसायची, समोर टॅब. तिच्या बॅगेचा लॉट बोलीला आला की हात पदराला पुसून बोली लावायची.
"थांब गो, आता बोलू नको. माझी चाललीय."

मला संताप यायचा.
"वहिनी, बायका पाण्यासाठी मोर्चा काढतायत आणि तू चामड्याच्या पिशव्या जमवतेस?"
"तू काढ मोर्चा. मी येते ना दर वेळी? पन बॅग घेऊन येनार."

आणि यायची. भर उन्हात, घोषणा देत, खांद्याला बॅग.

सगळ्यांना वाटायचं, फर्स्ट कॉपी आहे, हुबेहूब नक्कल. सीवूड्सच्या मॉलमध्ये एका सेल्सगर्लने विचारलंही, "आंटी, कॉपी मस्त है, कहाँ से लिया?"
"पनवेल के बाजार से," वहिनी म्हणाली, आणि बाहेर येऊन पोट धरून हसली.

खरं-खोटं ती शिलाईवरून ओळखायची. एकदा मला जबरदस्तीने बसवून दाखवलं.
"हा टाका बघ. तिरका हाय. एका मानसाने हाताने घातलेला. मशीनला असा जमत नाय. माझा बाबा जाळा विनायचा, त्याची गाठ मी अंधारात हात फिरवून सांगायची."

मी फोन बघत होते. हो हो म्हणाले.

शेवटच्या वर्षी तिने ठरवलं, सगळ्या बॅगा एकत्र ऑक्शनला द्यायच्या. पैशासाठी नाही. कॅटलॉगसाठी, त्यांच्या छापील यादीत आपलं नाव यावं म्हणून.

तिथे मालकाचं नाव बहुतेक छापत नाहीत. 'एका महिलेच्या संग्रहातून', एवढंच.
वहिनी भडकली. "एक महिला कोन? गावात हजार महिला हायत. माझा नाव लिवा. गावाचा पन लिवा."
तिची मुलगी श्रेया ऐरोलीला आयटीत आहे. तिच्याकडून तिने चार वेळा मेल लिहून घेतले.

उत्तर यायच्या आत वहिनी गेली.

आता माझं ऐका.

आमच्या घरी बाराव्याला, गेलेल्या बाईच्या साड्या नात्यातल्या बायकांना वाटतात. साड्या संपल्या. कपाटात बॅगा दिसल्या.
श्रेया म्हणाली, "आत्या, बॅगांचं नंतर बघू ना."

मी उभी राहिले. समोर माईक नव्हता, तरी माईकवरचा आवाज काढला. वस्तूंना कवटाळून बसणं वहिनीला शोभणार नाही, म्हणाले. आयुष्यभर राबलेल्या बायकांच्या खांद्यावर जाऊ द्या त्या, म्हणाले.

बायकांचे डोळे पाणावले. दहा मिनिटांत कपाट रिकामं.

श्रेयाला मी विचारलं नाही. भाऊ आपल्याला विचारत नाहीत, अगदी तसंच.

दोन आठवड्यांपूर्वी मेल आला. संग्रह स्वीकारला. कॅटलॉगमध्ये पूर्ण नाव छापू, गावासकट. अट एकच, अकराच्या अकरा बॅगा एकत्र हव्यात. या महिन्याच्या आत.

तेव्हापासून मी घरात टिकत नाही. जेवायला बसते आणि अर्ध्यावर उठते. रिक्षा, बस, मिळेल ते धरून दारोदार फिरते आहे.

एका घरी बॅगेवर घालायच्या कापडी पिशवीत सुकट भरलेली. एका घरी बॅगेचं चिमुकलं कुलूप देव्हाऱ्याच्या कपाटाला. कोणाचंही चुकलं नाही. मीच तर दिलं होतं.

उरणच्या मावशींनी दारातच झापलं. "बाराव्याचा दिलेला परत मागतेस? उद्या अंगावरची साडी पन सोडायला सांगशील!"
मी सगळं सांगितलं. त्या आत जाऊन बॅग घेऊन आल्या. आतली मशेरीची पुडी काढून घेतली आणि म्हणाल्या, "भारतीचा नाव छापनार? आपल्या भारतीचा? मग ने."

सात मिळाल्या. चार नाहीत.

एक हिरवी, हातात मावेल एवढी. एक लाल, सोनेरी कडीची. एक पांढरी, पट्टा नसलेली. एक तपकिरी, जुनी, कोपरा घासलेली. ती तपकिरी तिची पहिली.

दिलेलं परत मागणं आपल्यात लाजेचं असतं. मी जाहीरपणे मागते आहे. राग माझ्यावर काढा, भाषणाला येऊ नका, दारात उभं करू नका. चालेल.

वहिनी, तुझ्या फोटोला हार घालायला अजून हात उठत नाही. तुझं नाव छापून आलं की घालीन.

बहिणींनो, त्या चारपैकी एक जरी तुमच्या कपाटात असेल, तर या रविवारी सकाळी वहिनीच्या घरी घेऊन या आणि श्रेयाच्या हातात द्या. डाग पडला असेल, फाटली असेल, तरी आणा.