सिस्टरचा जामीन

भाद्रपद सरत आला तरी आभाळ मोकळं झालं नव्हतं. रात्रभर दर्यावरून आलेला वारा सकाळी एकाएकी पडला आणि दवाखान्याच्या आवारातल्या माडाची झावळीही हलेना. त्या चिकट दमटाईत नम्रता गॉजच्या घड्या घालत बसली होती. कापायचं, कडा आत दुमडायच्या, चौकोन करून ड्रममध्ये रचायचा. डॉक्टर जिल्ह्याला मीटिंगला गेलेले. सकाळपाळीला ती आणि शिपाई गणपत, दोघंच.

नम्रता तोंडवलीच्या यशोदेची थोरली. नर्सिंगला नंबर लागला तेव्हा बँकेच्या साहेबांनी चष्म्यावरून बघत सांगितलं होतं, चार लाखांपर्यंत असंच देतो, वर हवं तर जामीनदार आणा. फी चारात बसणारी नव्हती. यशोदा वाडीतली घरं फिरली. कुणी चहा पाजला, कुणी दार लोटून घेतलं. शेवटी सही केली जितेंद्रने. दोन ट्रॉलरांचा मालक, वाडीत शब्द चालणारा माणूस.

तेव्हापासून देवळात, लग्नात, चारचौघांत तो तिच्याकडे बोट दाखवी. ‘ता आमचा चेडू. माझ्या सहीयेर शिकलला.’ हप्ते ती पगारातून भरत होती, एकही चुकवला नव्हता. हप्ते फिटत होते, सही फिटत नव्हती. रात्रपाळी करून आलं तरी रविवारी त्याच्या आईचं बीपी बघायला जायचं, त्याच्या खलाशांना इंजेक्शनं टोचायची, नाही म्हणायची सोय नाही. आता धाकट्या सृष्टीला तेच कॉलेज मिळालं होतं. फी वाढलेली, बँकेची चार लाखांची रेघ तिथेच. उद्या शेवटची तारीख आणि फॉर्म जितेंद्रच्या घरात सहीवाचून पडलेला.

साडेनऊला टेम्पो आवारात घुसला. जितेंद्रचा भाऊ विनीत ट्रॉलर घेऊन छोट्या होड्यांच्या जाळ्यांवरून गेला होता. होडीवाले चवताळून वर चढले, मग दांडे निघाले, कोयते निघाले. आता दोन्हीकडचे जखमी एकाच टेम्पोत. विनीतचा हात कोपराखाली मोडलेला, तो आयाबहिणी काढत बोंबलत होता. साठीचा धोंडूकाका होडीवाला मात्र गप्प होता. त्याच्या मांडीतून रक्त उसळत होतं, थांबून थांबून, नाडीच्या ठेक्यावर.

बोंबलणाऱ्याचा श्वास चालू असतो, गप्प पडलेल्याला आधी बघा, हे पहिल्याच वर्षी शिकवलेलं. नम्रताने सकाळच्या सगळ्या घड्या त्या जखमेत कोंबल्या, वर दोन्ही तळवे रोवले आणि अंगाचा भार टाकला. गणपतला अँब्युलन्स बोलवायला सांगितलं.

तेवढ्यात जितेंद्र आला. त्याला दिसलं ते एवढंच, की भाऊ बाकड्यावर तळमळतोय आणि सिस्टर वैऱ्याला धरून बसलीय.

‘माझ्या भावाक टाकून हेका बघतंस? कोणाच्या सहीयेर सिस्टर झालंस गो?’

‘दादानू, हात काढलंय तर हो मरतलो.’

त्याने तिचा अंबाडा धरून मागे ओढलं. ती हलली नाही. मग त्याने सलाईनचा स्टँड उचलला. पहिला तडाखा पाठीत, दुसरा खांद्यावर. तोंड झाकायला हात मोकळे नव्हते. मुसळधार पावसात गुरं मान खाली घालतात तशी तिने मान घातली. तिसऱ्या तडाख्याने भुवई फाटली आणि तिचं रक्त धोंडूकाकाच्या रक्तात टपटपायला लागलं. बाकड्यावरचा विनीतसुद्धा बोंबलायचा थांबला. गणपतने मागून मिठी घातली तेव्हा कुठे स्टँड खाली पडला.

अँब्युलन्स धोंडूकाकाला घेऊन गेली. जिवंत. डॉक्टर आले, नम्रताच्या भुवईला टाके पडले. हवालदार कागद घेऊन बसला.

जितेंद्र आता थंड झाला होता. तिच्याजवळ वाकून अगदी घरच्यासारखं बोलला. ‘सृष्टीचो फॉर्म घराक आसा. सांजे सही करून पाठवतंय. तू पडलंस म्हणान सांग.’

हवालदाराने विचारलं, तक्रार द्यायचीय का. आणि समजावलंही, ‘बाई, ड्युटीवरच्या सिस्टरला मारल्याचं कलम कडक आहे. याला जामीन सहज मिळायचा नाही. विचार करून सांगा.’

जामीन. तो शब्द तिच्या कानात थाडकन वाजला.

‘लिहा,’ ती म्हणाली.

‘मारणारा तुमचा कोण लागतो?’

‘माझे जामीनदार आहेत.’

हवालदाराचं पेन थांबलं. मग त्याने तसंच लिहिलं. नम्रताने खाली सही केली.

तिने सृष्टीला फोन लावला. काय झालं ते सांगितलं, सही केली तेही. ‘ह्या वर्सा तुका घराक रवचा लागतला.’

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. ‘टाके किती पडले?’

‘तीन.’

‘ताय, जेवलंस?’

नम्रताने नाही म्हणून फोन ठेवला आणि इंजेक्शन भरून विनीतपाशी गेली. पट्टीखालचा तिचा डोळा सुजून मिटला होता. विनीतने अंग चोरलं.

‘हात दी,’ ती म्हणाली. ‘मोडललो नको, दुसरो.’

त्याने दिला. सुई तिने नेहमीएवढीच हलकी टोचली.

मग हात धुतले. ड्रम रिकामा होता. तिने गॉजचं नवीन थान उलगडलं, कात्री घेतली आणि एका डोळ्याने माप धरून पहिली घडी घातली.