विहिरीवरची रेघ

आशागडच्या चिकूच्या वाडीवरून दादा आणि मी दोन वर्षं बोलत नव्हतो. शेवटी दोघांनीही वकील केले. ‘कोर्टात गेलात तर आम्ही दोघंही बाजूला होऊ,’ असं त्यांनी आधीच लिहून घेतलं आणि आम्हाला डहाणू रोडला एका टेबलाशी बसवलं. नकाशावर त्यांनी वाटणीची सरळ रेघ मारली. ती नेमकी विहिरीच्या मधून गेली.

“विहीर कधी कोणी कापतं का?” मी भडकले.

“झाडांना काय नकाशातलं पाणी पाजू?” दादा माझ्यापेक्षा जोरात ओरडला.

मग आम्ही दोघांनी मिळून वकिलांना मनसोक्त झापलं. ते हसत लिहीत राहिले: विहीर दोघांची.

सहीला माझ्याकडे पेन नव्हतं. दादाने त्याचं पुढे केलं आणि शाळेत असताना म्हणायचा तसंच म्हणाला, “टोपण हरवू नकोस.”