डी ड्राइव्हमधली नानी

इथे होसूरला खोलीवर जुना कॉम्प्युटर चालू केला की तापलेल्या धुळीचा वास येतो, आणि मी अमळनेरला नानांच्या फोटो स्टुडिओत जाऊन पोचतो.

नववीतून माझी शाळा सुटली तेव्हा नानांनीच मला कामाला ठेवलं होतं. तिथल्या कॉम्प्युटरवर विंडोज सारखं अडकायचं, म्हणून त्याच्याऐवजी टाकायला मी हौसेने लिनक्सची सीडी आणली. नाना म्हणाले, "टाक. फक्त डी ले हात लावू नको. तठे तुनी नानी शे." नानी, म्हणजे नानांच्या पत्नी, वारल्या होत्या. त्यांचे सगळे फोटो डी ड्राइव्हमध्येच होते.

फॉरमॅट मारला की सी जातो, डी राहतो, एवढं आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पण त्या पडद्यावर सी नव्हता की डी नव्हता. एकाच डिस्कचं नाव होतं, आणि ती पुसू का, असं विचारलं होतं. हाच सी असणार, असं समजून मी एंटर दाबलं.

पडद्यावर काम किती झालं ते दाखवणारी पट्टी सरकू लागली, पंखा घुमू लागला. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा उमगलं, पूर्ण डिस्क जातेय, डीसकट.

तेवढ्यात नाना चहा घेऊन आले. "डी शे ना भो?"

"शे, नाना."

त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला.

आज लिनक्स माझ्या सवयीचं झालंय. पुसलेलं लगेच जात नाही, त्यावर नवं लिहिलं गेलं की जातं, हे आता कळतं. तेव्हाच खरं सांगून मशीन बंद केलं असतं, तर नानींचे बरेच फोटो परत मिळाले असते. मी चहा पीत बसलो, आणि पट्टी सरकत राहिली.