फुलसावंगीला आलेला समुद्र

खरं तर हे सांगू नये. पण तुम्ही चहा पाजलाय, तेव्हा माझी अब्रू तुमच्या हवाली. यवतमाळ जिल्ह्यात समुद्र आणणारा माणूस पाहिलाय कधी? पाहून घ्या, समोरच बसलाय!

कापसानं सगळ्यांची कंबर मोडली होती, त्या वर्षांतली गोष्ट. कोणत्याही गावात जा, चांगली बातमी म्हणून नाही. मी यवतमाळला एका छोट्या संस्थेत भूजलाचं काम करायचो. फुलसावंगीच्या बौद्ध वस्तीला पिण्याच्या पाण्याची विहीर मिळणार होती. तिथलं पाणी पुढेही चांगलं राहील का, एवढंच मला सांगायचं होतं.

तिथं कमलबाई भेटल्या. साठीच्या, गुडघे गेलेले, डोक्यावर पाण्याचा पितळी गुंड. रोज नाल्यापलीकडच्या शेतातून पाणी आणायच्या. विहिरीच्या जागी चाचणीची बोअर मारली होती. तिचं पाणी मी दोन गिलास प्यायलो आणि वहीत लिहिलं, 'गोड'.

"आता होते ना जी आमची विहीर?"

"झालीच समजा, मावशी!"

तिथंच थांबलो असतो तर! पण मी नुकताच कोकणातून कॉम्प्युटरचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून विहिरींकडे कसं सरकतं, ते पडद्यावर मांडायचं. नकाशावर चौकोन आखायचे, त्यात खडक आणि पाण्याच्या पातळ्या भरायच्या, कडेला समुद्र लावायचा, की वर्षं भराभर पळतात. काय तो रुबाब! आता वहीवर कोण विश्वास ठेवतो?

नवी मांडणी करायला महिना गेला असता. मी कोकणातली फाइलच उचलली. गावांची नावं बदलली, खडक बदलला, पातळ्या बदलल्या आणि बटण दाबलं. पिवळं, केशरी, लाल! बाराव्या वर्षी वस्तीची विहीर खारट!

मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, वाचवलं गावाला! त्याच दिवशी अहवाल रवाना.

बातमी गावात पोचली आणि आठवड्याच्या आत जुन्या विहिरींचं पाणीही खारट लागायला लागलं. हॉटेलातला चहा लोक परत करू लागले. सरपंचांच्या घरी वरणात मीठ टाकणं बंद झालं. त्यांचा फोन आला, "साहेब, जिभेले झोंबून राह्यलं जी!"

"हे तर काहीच नाही," मी म्हणालो, "बारा वर्षं थांबा!"

आणि खरं सांगू? मी जाऊन प्यायलो, तर मलाही खारट लागलं!

वस्तीची विहीर दुसऱ्या गावाला गेली.

मग एक दिवस कमलबाई एसटीनं यवतमाळला आल्या, थेट माझ्या टेबलापाशी. "मले दाखवा, खारं पानी कुठून येऊन राह्यलं ते."

मी ऐटीत कॉम्प्युटरमधून काढलेला रंगीत नकाशा पसरला. "हे लाल म्हणजे खारं पाणी, मावशी."

"अन् हे निळं काय व्हय?"

"समुद्र."

त्यांनी नकाशावरची नावं बोटानं लावत लावत वाचली. "आपल्या उमरखेडले समुद्र कवा आला जी?"

सगळं बदललं होतं हो मी! कडेचा समुद्र तेवढा काढायचा राहिला होता.

"तुमी तर पहिल्या दिशी दोन गिलास पेले व्हते. गोड लागलं म्हने. मंग त्या डब्याले कायले इचारलं?"



चूक लेखी कबूल केली, नवा अहवाल पाठवला, चार ऑफिसांचे उंबरठे झिजवले. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, विहीर देऊन झाली, आता पुढे कधीतरी. घरी येऊन रडलो मी. त्या वर्षांत वस्तीला एक चांगली गोष्ट मिळत होती, ती माझ्या आळसानं गेली.

महिन्याभरानं फुलसावंगीला माफी मागायला गेलो. कमलबाई नाल्यापलीकडून गुंड घेऊन येत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाल्या, "तुमच्या नकाशात समुद्र वस्तीपासून बोटभरच दूर व्हता ना?"

"हो, मावशी."

"मंग राहू द्याचा होता जी. नाल्यापरीस जवळ पडला असता."

मला मान वर करवेना. म्हटलं, निदान घरापर्यंत गुंड तरी आपण न्यावा. हात पुढे केले, तर त्या चटकन बाजूला झाल्या.

"नको जी साहेब. तुमच्या हाती देलं का पानी दुसऱ्याच गावाले जाते."